शंभर टक्के हजेरी

"औटी गुरुजी, अहो तुमची पोरगी क्लासवन झाली!"

पानमंद साहेबांनी अजून मोटारसायकल बंदसुद्धा केली नव्हती. मी शाळेच्या ओट्यावर उभा राहून खिचडी चाखत होतो. पोरांच्या आधी मास्तरांनी खिचडी चाखायची आणि चवीच्या वहीत शेरा लिहायचा, असा नियम. निवृत्ती अकरा महिन्यांवर आलेली, डाव्या गुडघ्याने संप पुकारलेला आणि वर खिचडीने जीभ भाजलेली. अशा माणसाला क्लासवनचं काय कौतुक?

"माझ्या पोरीचं लग्न होऊन दहा वर्षं झाली, साहेब," मी म्हणालो. "ती कशाला आता परीक्षा देतीय?"

"घरची नाही हो, शाळेची! झुंबर करगळ. आयोगाची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी झाली. पेपरात फोटो आलाय, हे बघा."

मी फोटो बघितला. तेच रुंद कपाळ, तेच पुढचे दोन दात. खाली लिहिलं होतं, 'मेंढपाळाच्या कन्येची भरारी'. मी पेपर घाईघाईने घडी घालून परत दिला. साहेबांना वाटलं, गुरुजी गहिवरले.

पानमंद साहेब म्हणजे आमचे केंद्रप्रमुख. चौदा शाळा त्यांच्या हाताखाली. माणूस मनाने चांगला, पण समारंभाचा भारी शौकीन. दरवर्षी फेब्रुवारीत आमच्या तालुक्याचा गुणगौरव सोहळा व्हायचा. स्कॉलरशिपची पोरं, आदर्श शिक्षक, निवृत्त होणारे शिपाई, मोठ्या पदावर गेलेले माजी विद्यार्थी, झाडून सगळ्यांना शाल, नारळ आणि मानपत्र. आमच्या खडकवस्तीच्या शाळेचं नाव त्या स्टेजवरून तीस वर्षांत एकदाच घेतलं गेलं होतं, तेही सतरंज्या आमच्याकडून नेल्या म्हणून आभार मानताना.

"या वर्षी सोहळ्याचा मुख्य सत्कार आपल्या केंद्राचा," साहेब म्हणाले. "झुंबरचा आणि तुमचा. शिष्या आणि गुरुजी, एका शालीत! चला, कपाट उघडा. हायस्कूलवाले म्हणतायत ती त्यांचीच. पाचवीपासून त्यांची असेल हो, पण पाया कुणी घातला? जुनी हजेरी काढा, मानपत्रात काहीतरी ठोस पाहिजे."

"साहेब, सतरा-अठरा वर्षांपूर्वीची हजेरी कुठली सापडायची? उंदरांनी..."

पण माणूस एकदा पेटला की ऐकतोय कुठं! कपाट त्यांनीच उघडलं, धूळ त्यांनीच खाल्ली आणि दोन हजेरीपत्रकं त्यांनीच बाहेर काढली. तिसरी आणि चौथी. अक्षर माझं. तेव्हा मी चाळिशीत होतो, मग बदल्या होत होत निवृत्तीच्या तोंडावर पुन्हा याच शाळेवर येऊन पडलो होतो. साहेबांनी बोट फिरवत फिरवत महिन्यांची बेरीज केली आणि डोळे विस्फारले.

"अरे बापरे! दोनशे वीसपैकी दोनशे वीस! दोन्ही वर्षं! औटी, शंभर टक्के हजेरी!"

मी खाली बसलो. गुडघ्याचं निमित्त होतंच.

आता तुम्हाला सांगायला काय हरकत आहे? मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. करगळ मंडळी मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन, घोड्यावर संसार लादून घाट उतरायची, ती कोकणात पोचायची. परत यायची ती मिरगाच्या तोंडावर. म्हणजे वर्षातले सात महिने झुंबर माझ्या शाळेत नसायचीच. पण पटावर तर पाहिजे. पट घसरला की आधी दुसरा मास्तर जातो, मग शाळाच जाते. मेंढपाळांची सहा पोरं होती आमच्याकडे. ती सहा गेली असती तर एकच मास्तर उरला असता आणि वर्षभरात शाळेला कुलूप लागलं असतं. म्हणून मी रोज त्यांच्यापुढे हजर मांडायचो. आमच्या भागात तेव्हा कोण मांडत नव्हतं? खरी येणारी पोरं तापाने पडायची, मामाच्या लग्नाला जायची, त्यांची गैरहजेरी लागायची. जी पोरं नव्हतीच, त्यांना ना ताप ना मामा. त्यामुळे अख्ख्या वर्गात सगळ्यात नियमित तीच. अधूनमधून एखादी गैरहजेरी टाकावी, एवढीसुद्धा अक्कल मला राहिली नव्हती.

हे एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. खोटी हजेरी मास्तरलोक एकमेकांना माफ करतात. पण दुसरी गोष्ट होती, ती मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

झुंबर तिसरीत असताना तिची आजी कोकणात पाय मोडून पडली. मेंढरं पुढं फिरत राहिली, पण आजीसाठी एक पाल कातळपाडा नावाच्या गावाच्या कडेला ठेवावं लागलं आणि आजीपाशी झुंबर राहिली. पोरगी रोज शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. तिथल्या मोकलबाईंनी तिला आत घेऊन बसवलं. आणि बाईंचं मला पत्र आलं. 'मुलगी फार हुशार आहे. तिचा दाखला पाठवलात तर आमच्या शाळेत रीतसर नाव घालता येईल.' दाखला पाठवायचा म्हणजे माझ्या पटावरून नाव कमी. आणि एकीचं केलं की बाकी पाचांचं निघणार. मी पत्र चुलीत घातलं. पुढच्या महिन्यात दुसरं आलं. पुढच्या हिवाळ्यात आजी-नात पुन्हा तिथंच राहिल्या, तेव्हा आणखी दोन. चारही चुलीत. उत्तर एकालाही नाही.

आता ती पोरगी स्टेजवर माझ्या शेजारी बसणार होती. बाईंनी तिला कधी सांगितलं असेल तर चारचौघांत माझी शोभा होणार होती. सांगितलं नसेल, तर तिला ते कधीच कळू नये, एवढीच माझी इच्छा होती. खोटं कशाला बोलू?

"साहेब," मी धीर करून म्हणालो, "करगळ मंडळी दिवाळीनंतर खाली जातात, तुम्हाला माहितीये. मग ही शंभर टक्के..."

पानमंद साहेबांनी हजेरीपत्रक फटकन मिटलं. "औटी, मी पण तेवीस वर्षं खडू धरलाय. कागदावर आहे ना? मग आहे. उगाच शंका काढत बसू नका. मानपत्राची सुरुवातच याने करू!"

आणि हजेरीपत्रक काखोटीला मारून गेलेसुद्धा. जाताना खिचडीची प्लेटही खाऊन गेले.

घरी आल्यावर बायकोने, यमुनेने, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "सत्कार आहे म्हणे तुमचा. मग सुतकात असल्यासारखं तोंड का केलंय?"

त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला पत्रांचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"चार पत्रं? आणि माझ्याच चुलीत?"

"तेव्हा शाळा वाचवायची होती गं."

"शाळा वाचवायची होती का बदली चुकवायची होती?"

बायकोला सतरा वर्षांनी कळलं तरी नेमकं कळतं. दुसरा मास्तर गेला असता तो मीच असतो. मी धाकटा होतो.

"त्या पोरीला सांगून टाका," ती म्हणाली.

"आता कशाला? सगळं छान झालंय. ती अधिकारी झाली. उगाच जुनं उकरून कुणाचं भलं होणारे?"

"तुम्हाला विचारलं का मी, भलं होईल का म्हणून?" एवढं बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली.

सोहळा तालुक्याच्या मंगल कार्यालयात होता. अकराची वेळ, प्रमुख पाहुणे दीडला आले. तोवर स्कॉलरशिपची पोरं इस्त्रीच्या गणवेशात पेंगायला लागली होती आणि स्वागतगीताच्या मुलींना तीनदा उठवून तीनदा बसवलं होतं. माझ्या डोक्याला फेटा बांधला होता, तो इतका घट्ट की भुवया वर गेल्या होत्या. फोटोत मी सारखा चकित झालेला दिसतो. बासष्ट सत्कार होते. शाल, नारळ, टाळ्या, फोटो. शाल, नारळ, टाळ्या, फोटो. दमून जीव नुसता मेटाकुटीला आला होता. एखाद्या माणसाला चांगलं म्हणायला इतका वेळ का लागावा?

झुंबर मात्र पाहुण्यांच्या आधीच, साडेबाराला आली होती. उंच झाली होती, साधा सुती ड्रेस, हातात घड्याळ. सरळ येऊन पायाला हात लावला.

"गुरुजी, ओळखलंत का?"

"ओळखलं की. दात तेच आहेत."

ती मोकळं हसली. "अप्पा येणार होते, पण मेंढरं खाली आहेत. अप्पा म्हणाले, गुरुजींना सांग, तुमच्यामुळं पोरगी लागली मार्गाला."

मी फेटा सारखा केला. दुसरं काय करणार होतो?

मग निवेदकाने मानपत्र वाचायला घेतलं. आवाज असा लावला की मागच्या रांगेतली तान्ही पोरं जागी झाली. "काट्याकुट्यांतून अनवाणी चालत, मेंढरांमागे रानोमाळ हिंडतानाही जिने एक दिवस, एकही दिवस शाळा चुकवली नाही! दोनशे वीसपैकी दोनशे वीस दिवस हजर!" टाळ्यांचा कडकडाट. समोर साडेतीनशे मास्तर बसले होते. त्यातल्या तीनशेंना तरी कळलं असेल की मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारी पोरगी त्याच वेळी वर्गात कशी बसेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी झुंबरकडे बघायचं टाळलं.

"आणि आता," निवेदक म्हणाला, "दोन शब्द औटी गुरुजींचे!"

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माइकपाशी गेलो. यमुना तिसऱ्या रांगेत बसली होती, ती माझ्याकडे एकटक बघत होती. मी ठरवलं, बोलून टाकायचं.

"मी खरं सांगतो," मी म्हणालो. "या पोरीला मी काहीच शिकवलं नाही."

टाळ्या!

"नाही, नाही. ऐका. या सत्काराला मी लायक नाही. माझं यात कणभर श्रेय नाही."

आणखी टाळ्या. गटशिक्षणाधिकारी मान हलवत शेजाऱ्याला काहीतरी म्हणाले. निवेदकाने धावत येऊन दुसरा माइक तोंडाशी धरला. "याला म्हणतात विनय! ज्याच्याकडे खरं देण्यासारखं असतं, तोच गुरू असं बोलू शकतो!" मी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, पण पानमंद साहेबांनी माझ्या दंडाला धरून मला खुर्चीत बसवलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, चला, आपण बोललो. लोकांनी ऐकलं नाही, त्याला मी काय करू? इतका मी हरामखोर.

मग झुंबर बोलायला उठली.

"शंभर टक्के हजेरी ऐकून मला हसू आलं," ती म्हणाली. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. "मी तर दिवाळीनंतर खालीच असायची. पण गुरुजींनी माझं नाव काढलं नाही. आमच्यातली जी पोरं दुसऱ्या शाळांत होती, त्यांची नावं गेली. ती परत आली तेव्हा त्यांना शाळा नव्हती. मी जूनमध्ये परत यायची तेव्हा माझं नाव माझी वाट बघत असायचं. कायद्यात बसतं का नाही मला माहीत नाही. पण मी त्या हजेरीवर उभी आहे."

आता टाळ्या थांबेनात. मास्तरलोक उभे राहून वाजवत होते. वाजवतील नाही तर काय! इतक्या वर्षांत त्या कामाबद्दल कुणी त्यांना चांगलं म्हटलं नव्हतं. मीसुद्धा क्षणभर हुरळलो. वाटलं, बघ यमुने, उगाच घाबरवत होतीस.

पण ती पुढं बोलत राहिली.

"खाली कोकणातल्या एका शाळेत मी दोन हिवाळे बसले. लिहायला-वाचायला मी तिथं शिकले, ते नाकारत नाही. पण तिथल्या बाई रोज सकाळी सगळ्यांची नावं घ्यायच्या, माझं घ्यायच्या नाहीत. मी विचारायची, बाई माझं? त्या म्हणायच्या, उद्या. दोन वर्षं उद्या उद्याच केलं. सगळी पोरं म्हणायची, ही पालावरची, हिचं नाव वहीत चालत नाही. शिकवणं वेगळं आणि आपलं म्हणणं वेगळं. मला आपलं म्हटलं ते औटी गुरुजींनी."

मी समोर बघितलं. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. यमुना उठून बाहेर गेली होती.

जेवणं मागच्या अंगणात होती. मसालेभात, बुंदी, मठ्ठा. झुंबरभोवती गर्दी, जो तो फोटो काढून घेतोय. मी नारळ हातात धरून चिंचेखाली उभा राहिलो. वाटत होतं, असंच निघून जावं. पोरगी अधिकारी झाली, तिचा माझ्यावर जीव आहे, मी वर्षाच्या आत घरी बसणार. कोण कुठल्या बाई, आज कुठं असतील कुणास ठाऊक! पण त्या बाईंनी कुणाच्याही सांगण्यावाचून एका परक्या पोरीला पाटी-पेन्सिल दिली होती. आणि साडेतीनशे मास्तरांसमोर, माझ्या पापासाठी, त्या बाईंनाच बोल लागला होता. तिथं उभं राहून मठ्ठा पिणं मला जमेना.

झुंबर ताट घेऊन माझ्याकडेच आली. "गुरुजी, तुम्ही जेवत नाही?"

"झुंबर, दाखला मी दिला नाही," मी म्हणालो.

"कसला दाखला?"

"तुझा. मोकलबाईंनी मागितला होता. दाखल्याशिवाय त्यांना तुझं नाव वहीत घालता येत नव्हतं. तुझं नाव माझ्याकडे होतं ना, एका पोराचं दोन ठिकाणी कसं घालणार? त्यांनी पत्र पाठवलं होतं."

तिचा घास हातातच राहिला. "कधी?"

"चार वेळा."

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"काही नाही. उत्तरच दिलं नाही."

"एकालाही?"

"एकालाही नाही."

तिने ताट चिंचेच्या पारावर ठेवलं. माझ्या अंगावर ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पारावर बसली आणि आपल्याच हाताकडे बघत बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिची भाषा पुन्हा पालावरची झाली.

"धाव्वीचा निकाल लागला तवा बाई हॉस्टेलवर आल्या हुत्या. सहा तास येष्टीत बसून. पेपरात नाव वाचलं म्हणून. हातात पेढ्याचा पुडा. म्या खाली गेलेच न्हाई. मैत्रिणीला निरोप देऊन धाडलं, ज्यांच्या वहीत माझं नाव न्हाई, त्यांनी माझे पेढे वाटू नयेत म्हणून. वरून खिडकीतनं बघत हुते म्या. पाऊण तास फाटकापाशी उभ्या हुत्या. मग वॉचमनला पुडा देऊन गेल्या."

मग सावकाश म्हणाली, "एक शब्द सांगता आला असता त्यांना. गुरुजींनी दाखला दिला नाही, एवढंच. त्यांनी तुमचं नावसुद्धा घेतलं नाही."

"झुंबर, मी..."

"आता नका बोलू, गुरुजी."

ती उठली आणि गाडीकडे गेली. पानमंद साहेब मागून ओरडत होते, "मॅडम, ग्रुप फोटो राहिलाय!"

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सात वाजता आमच्या दारात गाडी उभी. झुंबर उतरली, यमुनेच्या पाया पडली, माझ्या पडली नाही.

"चला," ती मला म्हणाली.

"कुठं?"

"कातळपाड्याला. मी काल रात्री फोन केला. आहेत बाई. तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं."

माझं वय अठ्ठावन्नाला टेकलं होतं, पण शप्पथ, मास्तरांनी छडी घेऊन बोलावल्यावर पोराला जसं वाटतं तसं वाटलं. म्हणालो, गुडघा दुखतोय. यमुनेने आतून तेलाची बाटली आणून माझ्या हातात दिली. "गाडीत चोळा," म्हणाली.

झुंबर पुढं ड्रायव्हरशेजारी बसली, मी मागं घाट उतरेपर्यंत गुडघा चोळत. कातळपाड्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मोकलबाई पडवीत सूप घेऊन वाल निवडत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, बारीक अंगाची बाई, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. झुंबर फाटकातून आत गेली आणि अंगणातच थबकली. बाईंनी कपाळावर हात धरून बघितलं.

"केवढी झालीस गं," त्या म्हणाल्या. "जेवलीस का?"

झुंबर तिथेच अंगणात खाली बसली आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडायला लागली. बाई उठल्या, तिच्यापाशी गेल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी फाटकातच उभा. बऱ्याच वेळाने बाईंचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"हे कोण?"

"औटी गुरुजी," झुंबर म्हणाली. डोळे पुसून माझ्याकडे वळली. "सांगा."

मी सांगितलं. पट सांगितला, बदली सांगितली, चूल सांगितली. काही लपवलं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता. खरं तर काहीच नव्हतं, आणि तेच मला सहन होईना.

"दाखला दिला नाहीत, ते मला समजत होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या शाळेचा पट तरी कुठं मोठा होता? मी तुमच्या जागी असते तर कदाचित मीही दिला नसता. पण 'देत नाही' एवढं लिहून एक कार्ड टाकायचं होतंत, गुरुजी. मी त्याच दिवशी पोरीला खरं काय ते सांगून टाकलं असतं. मी आपली रोज पोस्टमनची वाट बघायची आणि हिला म्हणायची, उद्या. मला खरंच वाटायचं हो, उद्या येईल म्हणून."

"बाई, मला माफ..."

"ते राहू द्या." त्यांनी हात वर केला. "या वयात कुणाला माफ करत बसायचाही कंटाळा येतो. हॉस्टेलवरून परत आले तेव्हा फार वाईट वाटलं होतं. मग तेही जुनं झालं. तुम्हाला वाल निवडता येतात?"

"येतात."

"मग तेवढे करा. मी हिला जेवायला वाढते."

सूप माझ्या पुढ्यात ठेवून दोघी आत गेल्या. आधी झुंबरचं रडणं ऐकू येत होतं, मग बाईंचं, मग कधीतरी दोघी कशालातरी हसल्या. ड्रायव्हरला आत बोलावून जेवायला घातलं. माझं ताट बाईंनी बाहेर आणून दिलं, वाढलंही पोटभर, पण शेजारी बसल्या नाहीत. मी जेवलो आणि पुन्हा वाल निवडायला लागलो. पायली-दोन पायली असतील. उन्हं कलली तेव्हा संपले.

निघताना बाईंनी त्यातले अर्धे फडक्यात बांधून झुंबरला दिले, म्हणाल्या, आईला दे. मला दिले नाहीत. मी मागितलेही नाहीत.